मोहाच्या दिवसांतला पेपर

खैरटोल्यात कौशल्याबाईंचं नाव झालं ते शिकवण्यामुळे नव्हे, एका गैरसमजामुळे. गैरसमज कुणाचाही होतो. पण बाईंनी तो भर चौकात, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात करून घेतला. त्यामुळे पुढची सगळी वर्षं बाई लग्नाच्या पंगतीत जेवायला बसल्या, की पलीकडची एखादी म्हातारी तोंडाला पदर लावून हसायचीच.

बाई मूळच्या मोहाडीच्या, विणकराच्या घरातल्या. घरात खड्ड्यातला माग आणि दिवसभर त्याची खटखट. लहानपणी कौशल्या मागाशेजारीच गोधडीवर झोपायची, आणि तिची एक खोड होती. माग चालू असेतो ती गाढ झोपे. माग थांबला की टक्क जागी. कांडीवरचं सूत संपलं की बापाला थांबावंच लागे. पण पोर तापात असली, नुकताच डोळा लागलेला असला, की बाप रिकामाच धोटा इकडून तिकडे फेकत राहायचा. कापड बोटभरही पुढे सरकत नसे. आई विचारायची, "काय विणून राहिले जी?" बाप हळूच म्हणायचा, "झोप."

हा बाप लवकर गेला, पुढे नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. बाईंनी मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून फिरत राहिल्या. पण बापाच्या मागाची ती तंद्री काही त्यांना सोडून गेली नाही. फळ्यावर गणित मांडता मांडता त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, आणि पोरंही मग खिडकीबाहेर बघायची. असा सगळा वर्ग मिळून बाहेरचं ऊन बघत बसलेला असे. कुणी म्हणेल, हे काय शिकवणं झालं? पण बाईंच्या वर्गातल्या पोरांना बाईंची भीती वाटत नसे, आणि त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

खैरटोल्याला त्यांची बदली झाली एकोणीसशे शहात्तर साली, फेब्रुवारीत. याआधीच्या शाळा सगळ्या सडकेवरच्या. जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव हे पहिलंच. दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी टिकाराम गुरुजींकडे, तेच हेडमास्तर; तिसरी-चौथी बाईंकडे. मार्च संपता संपता सकाळची शाळा सुरू झाली, आणि एके दिवशी बाई वर्गात शिरल्या तर चौथीचा वर्ग झिंगल्यासारखा बसलेला. कुणाची मान डोलतेय, कुणाचे डोळे लाल, आणि दुर्गा नावाची एक चुणचुणीत पोरगी पाटीवर गाल टेकून घोरतेय. खोलीभर गोड, जड, किंचित आंबूस वास. बाईंच्या लहानपणी मोहाडीत हा वास एकाच घरातून यायचा, आणि त्या घरावरून जाताना आई त्यांचा हात घट्ट धरायची.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शाळा तशीच टाकून त्या तरातरा चौकात आल्या. दुर्गेची आई, कुंताबाई, नेमकी टोपलं घेऊन समोरून येत होती.

"लाज नाई वाटत तुमाले?" बाई कडाडल्या. "एवढाल्या लेकरायले दारू पाजून शाळेत पाठवता?"

चौकातली माणसं वळून बघू लागली. कुंताबाईने बाईंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग डोक्यावरचं टोपलं उतरवलं, ओंजळभर फुलं बाईंच्या हातावर ठेवली. पिवळसर, रसरशीत, मण्यांसारखी फुलं, अजून दवाने ओली.

"दारू नोहे जी बाई. मोह हाय. पोट्टे पहाटपासून हेच येचून राहिले. खाऊन पाहा."

त्यानंतर जे हसू फुटलं ते तुमच्या-माझ्या कल्पनेपलीकडचं.

दुसऱ्या कुणी असत्या तर बदलीचा अर्ज केला असता. बाई दुसऱ्या दिवशी पहाटे कुंताबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मले दाखवा." कुंताबाईने एक रिकामं टोपलं त्यांच्या हातात दिलं.

ती पहाट बाई कधी विसरल्या नाहीत. जंगलात अजून झुंजुरकं होतं. एकेका घराचं एकेक झाड वाटून घेतलेलं, आणि फुलं दिसावीत म्हणून प्रत्येक झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली. वारा नव्हता, तरी फुलं पडत होती. टप. मग थोड्या वेळाने टप, टप. कुठे पडलं ते दिसत नसे, नुसतं ऐकू येई. लेकरं वाकून वाकून वेचत होती, आणि कुणी बोलत नव्हतं. बाईंना वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत आणि हे सगळं कुणीतरी आपल्या झोपेत विणत बसलंय. दुर्गा त्यांच्या शेजारीच वेचत होती. मध्येच म्हणाली, "बाई, फूल पडाच्या पयले झाड जरासक थांबते. तुमी आयका." बाईंनी ऐकलं. त्यांना थांबणं काही ऐकू आलं नाही, पण पोरीवर विश्वास बसला.

उन्हं वर आली की फुलं पडायची थांबतात. उशीर केला तर गुरं आणि हरणं ती खाऊन जातात. मोहाचे हे तीन-चार आठवडे गेले की गेले. वर्षाचं मीठ-मिरची, लुगडं, औषध सगळं त्यातूनच. म्हणून या दिवसांत घरातलं चालतं-बोलतं प्रत्येक माणूस कोंबडा आरवायच्या आत झाडाखाली असायचं. आणि अगदी याच दिवसांत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, चौथीची परीक्षा यायची.

पेपर मोहाडीच्या पंचायत समितीतून यायचा. सगळ्या शाळांना एकच पेपर, एकच दिवस, एकच वेळ, सकाळी साडेसात. लाखेचं सील लावलेलं पाकीट साडेसातला फोडायचं, मुलांच्या उत्तरपत्रिका बांधून परत मोहाडीला धाडायच्या. तपासणी तिथे. यात पक्षपात नाही, असं सगळे म्हणत, आणि कागदावर तो नव्हताच. सडकेवरच्या गावातलं पोर रात्रभर झोपून, न्याहारी करून त्या पेपराला बसे, आणि खैरटोल्याचं पोर चार तास वाकून फुलं वेचून. पण पेपर एकच होता ना, मग झालं तर.

त्या वर्षी दुर्गेने पेपरवर नाव लिहिलं, पहिला प्रश्न सोडवला, दुसऱ्यावर तिची लेखणी घसरत घसरत कागदाच्या खाली गेली. बाईंनी दोनदा तिचा खांदा हलवला. तिसऱ्यांदा हलवायला त्यांचा हात धजला नाही. इतकी गाढ झोप मोडायची म्हणजे त्यांना आपल्या बापाविरुद्ध काहीतरी केल्यासारखं वाटलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर नापास झाली.

एक मेला निकाल लागला तेव्हा कुंताबाई शाळेच्या पायरीशी आली. भांडायला नव्हे. भांडली असती तर बरं झालं असतं.

"एक साल अजून पाहातो जी बाई," ती म्हणाली. "तवा बी पास नाई झाली, तं शाळा बस. शेरड्या राखाले घरी मानूस पायजे."

हे वाक्य बाईंच्या मनात वर्षभर ठाण मांडून बसलं. पोर हुशार होती. प्रश्न वाचून संपायच्या आत तिच्या डोळ्यांत उत्तर चमकायचं. आणि तिचं सगळं पुढचं आयुष्य एका सकाळवर टांगलेलं, ज्या सकाळी ती डोळे उघडे ठेवूच शकत नव्हती.

बाईंनी सुरुवात केली ती आपल्याच खोलीत. तेवढीच जागा त्यांच्या हातात होती. दर महिन्याच्या चाचण्या त्या ठरल्या दिवशी घेत. ते त्यांनी बंद केलं. त्याऐवजी एक नवी रीत काढली. ज्याला वाटेल की आपल्याला हा धडा आला, हे गणित जमलं, त्याने येताना पळसाचं एक पान आणून बाईंच्या टेबलावर ठेवायचं. पान ठेवलं म्हणजे, 'मले विचारा.' मग बाई त्याला जवळ घेऊन विचारायच्या. आलं तर पान बाईंचं. नाही आलं तर पान पोराने परत न्यायचं आणि पुन्हा केव्हातरी आणायचं. ओरडा नाही, लाल शाई नाही. पहिल्या आठवड्यात एकही पान आलं नाही. पोरांना यात काहीतरी डाव वाटला. मग एका सकाळी दुर्गेने पान ठेवलं. पुढे टेबलावर इतकी पानं पडू लागली की टिकाराम गुरुजी म्हणाले, "बाई, पत्रावळीचं दुकान टाकून राहिल्या काय?"

टिकाराम गुरुजी मनाने वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. पेन्शन जवळ आलेल्या माणसाला वारा जरा जोरात आला तरी वाटतं, आपलाच कागद उडाला. बाईंनी त्यांना सांगितलं, की पेपरची वेळ बदलून मागायला आपण मोहाडीला जातोय. गुरुजींनी कानावर हात ठेवले.

मोहाडीला शिक्षणाचे विस्तार अधिकारी होते वासुदेवराव. सरळ माणूस, पण घड्याळासारखा. बाईंचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, एका गावासाठी वेळ बदलली तर उद्या धानवाले रोवणीचं सांगतील, परवा विणकर सणासुदीचं सांगतील. सगळ्यांना एकच माप, म्हणून तर ती परीक्षा."

"साहेब, माप एकच आहे," बाई म्हणाल्या, "पर मोजता तवा एक पोर उभं असते अन् एक झोपलेलं. उंची कशी कळन?"

वासुदेवराव हसले, म्हणाले, बघू. बाईंनी ओळखलं, की 'बघू' म्हणजे 'नाही'. येताना त्या बैलगाडीत बसून डुलक्या घेत होत्या, आणि त्या डुलकीत त्यांना बापाचा रिकामा धोटा दिसला. घरी पोचेतो त्यांचा बेत पक्का झाला होता.

सत्त्याहत्तरचा तो पेपरचा दिवस. आदल्या संध्याकाळीच बाईंनी मागच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. शाळेला घंटा नव्हती. तुमसर रोड स्टेशनाकडून कधीतरी आणलेला रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला होता आणि तो वाजवायला एक लोखंडी दांडा. तो दांडा बाईंनी आपल्या पिशवीत घातला. सकाळी सातला पंचायत समितीचा शिपाई तेजराम सायकलवरून सीलबंद पाकीट देऊन गेला. थोड्या वेळाने चौथीची पोरं आली, थेट झाडाखालून, केसांत राख, खिशात फुलं, अंगाला तो वास.

"झोपा," बाई म्हणाल्या.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. दुर्गा म्हणाली, "बाई, पेपर?"

"पेपर कुठं पळून नाई चालला. त्याले झोप नसते, तुमाले असते. झोपा."

आधी दोघं-तिघं आडवी झाली, मग सगळी. शेजारच्या खोलीत पहिली-दुसरीची पोरं टिकाराम गुरुजींच्या मागून पाढे म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार. गुरुजींनी दारातून डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पोरांना गप्प केलं. पाढे थांबले, तशी झोपलेली पोरं चुळबुळली, एकाने डोळे उघडले.

बाई धावतच दाराशी गेल्या. "गुर्जी, पाढे थांबवू नोका."

"बाई, नोकरी जाईन माही!"

"माही जाईन. तुमी काय केलं? पाढेच तं शिकवून राहिले. म्हणा गुर्जी, तुमच्या पाया पडतो."

गुरुजींनी एकदा आढ्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, डोळे मिटले आणि स्वतःच सुरू केलं, बे त्रिक सहा. पोरं मागून म्हणू लागली. झोपलेल्यांच्या अंगावरून तो आवाज गोधडीसारखा पसरला. बाई पाकीट मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या आणि पदराने माश्या वारत राहिल्या.

साडेआठच्या पुढेमागे वासुदेवराव आले. नाल्याच्या रेतीत त्यांची फटफटी रुतली होती. बिचारे उन्हातून पायी आले होते, घामाघूम. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं: परीक्षेच्या दिवशी, परीक्षेच्या वेळी, अख्खा वर्ग पाय पसरून झोपलेला, आणि पाकीट बाईंच्या मांडीवर, सील न फोडलेलं.

"हे काय चाललंय?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नोकरीला लागल्यापासून वासुदेवरावांना असं कुणी गप्प केलं नव्हतं. गंमत म्हणजे ते गप्प झाले. बाईंनी माठातलं पाणी दिलं, आपली खुर्ची दिली.

"साडेसातचा पेपर होता," ते दातओठ खात कुजबुजले.

"दहाले सुरू करतो साहेब. लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ?"

"जे पाहून राहिले ते."

वासुदेवरावांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली. शेजारच्या खोलीतून पाढे येत होते, एकामागून एक, न थांबता. खिडकीबाहेर घराघरांच्या अंगणात मोह वाळत घातलेला, आणि ऊन तापेल तसा तो वास दाट होत होता. साहेबांनी तारीख लिहिली. शाळेचं नाव लिहिलं. वर्गात लेकरांचे श्वास एका लयीत चाललेले. साहेबांनी डोळे चोळले. मग त्यांची मान एका बाजूला कलली, पेन हातातून सुटून सतरंजीवर पडलं, आणि ते झोपले. अगदी लेकरासारखे, तोंड थोडं उघडं ठेवून.

बाई उभ्या राहून बघत होत्या. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. सकाळभरात त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण बरोबर आहोत.

दहाला त्यांनी दांडा काढला आणि रुळावर ठोके दिले. पोरं उठली, तोंडं धुऊन आली. वासुदेवराव दचकून उभे राहिले.

"किती वाजले?"

"दहा वाजले जी साहेब," दुर्गा म्हणाली. तिचे डोळे धुतल्यासारखे लख्ख होते.

साहेबांनी सील फोडलं, पाकिटावर वेळ लिहिली दहा, खाली सही केली. पेपर संपेतो बसून राहिले आणि उन्हात निघून गेले. जाताना बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या दुपारी बाई खुशीत होत्या. फार खुशीत. तीन आठवड्यांनी ती खुशी उतरली. एक मेला सगळीकडचे निकाल लागले, आणि खैरटोल्याचा आलाच नाही. राखून ठेवलाय, चौकशी होणार, असं कळलं. गावातली जी पोरं हमखास पास होणारी होती, त्यांचाही निकाल अडकला. लोक बोलू लागले. चौकात बाई आल्या की आता कुणी हसत नव्हतं.

कुंताबाई पायरीशी आली, गेल्या वर्षीच्याच जागी उभी राहिली.

"तुमी तिले झोपवलं जी बाई. माहं मन भरून आलं होतं आयकून. कोन झोपू देते गरिबाच्या पोरीले? पर आता ते जागी राहून काय करन, सांगा."

त्या दिवसांत त्यांची झोप उडाली. पहाटे उठून त्या झाडाखाली जाऊन बसायच्या. फुलं संपली होती, लालसर कोवळी पालवी फुटली होती, आणि जमिनीवर टपकणारं काही नव्हतं. त्यांना वाटायचं, आपल्याला वाईट वाटतंय ते दुर्गेसाठी की आपल्या बेतासाठी? बाप रिकामा धोटा फेकायचा तेव्हा नुकसान त्याचं एकट्याचं व्हायचं. आपण तर दुसऱ्यांच्या पोरांचं वर्ष पणाला लावलं. हा काटा त्यांना खरोखर टोचत होता, आणि टोचायलाच हवा होता.

शेवटी त्या मोहाडीला गेल्या. वासुदेवराव टेबलाशी बसले होते, खाली टोपलीत फाडलेल्या कागदांचे चुरगळे.

"साहेब, मले काय शिक्षा कराची ते करा. पोरायचा निकाल सोडा."

वासुदेवरावांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी रोज तुमचा अहवाल लिहायला घेतो. शिक्षिकेने मुलांना झोपवले, असं लिहितो. मग वरचे विचारणार, तुम्ही तिथे हजर होता, तुम्ही काय केलंत?" त्यांनी पायाने टोपली पुढे सारली. "आता काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

वासुदेवराव बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, आणि बाईही सवयीने खिडकीबाहेर बघू लागल्या. मग साहेब एकदम हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "खरं सांगू बाई? इतक्या वर्षांत मी तसा झोपलो नव्हतो."

त्या अहवालातलं एक वाक्य पुढे तालुक्याच्या मास्तरांना तोंडपाठ झालं. 'तपासणी अधिकारी स्वतः त्या ठिकाणी झोपी गेला असल्याने मुलांची झोप खरी होती व तिची गरजही खरी होती, याबद्दल त्याची खात्री पटली आहे.' वरच्या लोकांनी हे वाचून काय केलं ते देव जाणे. पण मे सरता सरता निकाल सुटला. बाईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी चुलीतही घातली नाही आणि जपूनही ठेवली नाही. कुठे गेली ते त्यांनाही पुढे सांगता येत नसे.

दुर्गा पास झाली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कुंताबाईने बाईंच्या घरी वाळल्या मोहाची एक थैली आणून ठेवली.

वेळ बदलल्याचा हुकूम मात्र कधीच निघाला नाही. सरकारी वेळ साडेसात ती साडेसातच. फक्त एक झालं. पुढच्या वर्षापासून पेपरच्या दिवशी, नेमकी त्याच सकाळी, तेजरामची सायकल नाल्याअलीकडे पंक्चर होऊ लागली, आणि पाकीट खैरटोल्याला पोचायला दहा वाजू लागले. दर वर्षी. तेजरामला कुणी छेडलं तर म्हणायचा, "मी काय करू जी? काटे हायेत रस्त्यानं." पंक्चरची नोंद वासुदेवराव स्वतः करायचे. त्यांची बदली झाली तेव्हा जागेवर आलेल्या साहेबांना त्यांनी चार्ज देताना या काट्यांबद्दलही सांगितलं म्हणे.

पानांची रीतही हळूहळू पसरली. मोहाडीच्या मासिक सभेत चहाच्या वेळी कुणीतरी विचारी, "बाई, तुमची ते पानाची भानगड काय हाय?" बाई सांगायच्या, तेही नीट नव्हे, अर्धं बोलून तंद्रीत जायच्या. तरी दोघा-तिघांनी आपापल्या वर्गात सुरू केलं. कुणाकडे पळस नव्हता, त्याने आंब्याचं पान चालवलं. एका मास्तराने चारच दिवसांत सोडून दिलं, म्हणाला, पोरं डोक्यावर बसतात. बाई म्हणाल्या, "बसू द्या. वरून बरं दिसत असन त्यायले."

अशी वर्षं गेली. टिकाराम गुरुजी पेन्शन घेऊन घरी बसले, त्यांच्या जागी नवे गुरुजी आले. दुर्गा शेजारच्या गावी पायी जाऊन सातवी शिकली. लग्न होऊन गावातच राहिली. आणि शाळेच्या ओसरीवर बालवाडी भरू लागली तेव्हा तीच तिथली बाई झाली. कौशल्याबाई तिला अजून 'दुर्गे' म्हणायच्या आणि मोहाच्या दिवसांत पहाटे तिच्या झाडाखाली जाऊन बसायच्या. आता त्यांच्याने वाकवत नसे. एका पहाटे त्यांनी तिला बापाच्या रिकाम्या धोट्याची गोष्ट सांगितली. दुर्गा वेचता वेचता थांबली, मग पुन्हा वेचू लागली.

सत्त्याऐंशीचा एप्रिल बाईंचा शेवटचा. जूनमध्ये त्या निवृत्त होऊन मोहाडीला परतणार होत्या. पेपरच्या आदल्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अकरा वर्षांचं गाव सुटतंय, म्हटल्यावर कसा लागणार? सकाळी पोरं झाडाखालून आली, बाईंनी सतरंज्या अंथरून ठेवल्याच होत्या. पोरं झोपली. ओसरीवर दुर्गेच्या बालवाडीतली चिमुरडी पोरं बे एके बे म्हणत होती. बाई खुर्चीत बसल्या, वासुदेवराव झोपले होते त्याच खुर्चीत, आणि बसल्या तशाच झोपल्या.

दुर्गेने दारातून पाहिलं. मग ती आत आली, बाईंच्या पिशवीतून रुळाचा दांडा अलगद काढला आणि आपल्या ओटीत ठेवला.

दहाला तेजराम आला. दुर्गेने त्याला खुणेनेच थांबवलं. नव्या गुरुजींनी पोरांना एकेक करून हलवून उठवलं, पलीकडच्या खोलीत नेलं, आणि पेपर असा पार पडला की पान हललेलंसुद्धा ऐकू आलं नाही. पेपर संपला. जाताना पोरं चवड्यावर चालत खुर्चीजवळ आली, आणि बाईंच्या टेबलावर एकेक पळसाचं पान ठेवून घरी गेली.

बाईंनी डोळे अर्धवट उघडले तेव्हा ऊन ओसरी ओलांडून अंगणात गेलं होतं. समोर हिरवंगार काहीतरी दिसत होतं, पानं असावीत. पाढे चालूच होते, जरा घोगऱ्या आवाजात.

"दुर्गे," त्या झोपेतच म्हणाल्या, "किती वाजले वं?"

पाढे क्षणभर थांबले.

"दहा नाई वाजले जी बाई अजून. झोपा."

बाईंनी डोळे मिटले. बे एके बे, बे दुणे चार, पुन्हा सुरू झालं. दुपारचे साडेबारा झाले होते. बालवाडीची लेकरं केव्हाच आपापल्या घरी गेली होती, आणि रिकाम्या ओसरीवर दुर्गा एकटीच बसून पाढे म्हणत होती.